कॉफीहाउसातले गणिती : अब्राहम द मुआव्र

पदविकेच्या पहिल्या वर्षाला गणिताच्या पुस्तकात आम्हांला एक नाव भेटले होते, डी मॉयव्हर. संमिश्र संख्यांच्या प्रकरणात त्यांचे प्रमेय होते आणि परीक्षेत त्यावर एक प्रश्न हमखास येई. प्रमेय पाठ केले, गुण मिळवले आणि नाव विसरून गेलो. हे गृहस्थ कोण, कुठले, कसे जगले, याची चौकशी करावी असे त्या वयात कुणाला वाटते? पुढे सरकारी नोकरीत बांधकामावर काँक्रीटच्या ठोकळ्यांचे चाचणी-तक्ते भरू लागलो, तेव्हा त्या तक्त्यांच्या मागे घंटेच्या आकाराचा एक वक्र उभा असतो हे समजले. तो वक्र सर्वांत आधी ज्यांना सापडला ते आमचे परीक्षेतलेच डी मॉयव्हर, हे समजायला मात्र चाळिशी उलटावी लागली.

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय मनात आला. गणपती ही बुद्धीची देवता, आणि आपल्या मंडपात आरती आटोपली की हाऊजीचे आकडे पुकारले जातात. संभाव्यतेच्या शास्त्राविषयी लिहायला याहून योग्य जागा कुठली? फ्रेंच उच्चाराच्या जवळ जायचे तर त्यांचे नाव 'द मुआव्र' असे होते, म्हणून पुढे तसेच लिहितो.

अब्राहमचा जन्म २६ मे १६६७ रोजी फ्रान्समधल्या शाम्पेन प्रांतात, व्हित्री-ल-फ्रांस्वा नावाच्या गावी झाला. वडील शल्यवैद्य होते. घर श्रीमंत नव्हते, पण शिकलेले होते. नावातला 'द' हा मानाचा शब्द जन्माचा नव्हे, तो त्यांनी पुढे इंग्लंडात गेल्यावर लावून घेतला. घराणे प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि देश कॅथलिक राजाचा. १५९८ साली नांत येथे निघालेल्या राजाज्ञेने प्रॉटेस्टंटांना आपल्या पद्धतीने उपासना करण्याची मुभा दिली होती. पण चौदाव्या लुईच्या काळात ती मुभा एकेक बोट आवळली जात होती. अकरा वर्षांचा अब्राहम सेदां येथील प्रॉटेस्टंट विद्यालयात ग्रीक शिकायला गेला. काही वर्षांत ते विद्यालय सरकारने बंद केले. मग तो सोम्यूरला तर्कशास्त्र शिकायला गेला. तिथे असताना हॉयगेन्स यांचे फाशांच्या खेळांतील हिशोबाविषयीचे छोटेसे पुस्तक त्याच्या हाती पडले, आणि कोणी शिकवले नसताना तो ते वाचत बसला. तिथून पॅरिसला. तिथे ओझानाम नावाच्या गणितशिक्षकाकडे त्याने खासगी शिकवणी लावली. औपचारिक शिक्षण एवढेच. पदवी म्हणून काही हाती लागली नाही.

ऑक्टोबर १६८५ मध्ये लुईने नांतची राजाज्ञा रद्दच केली. प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरे पाडली गेली, धर्मोपदेशकांना देश सोडायला सांगितले गेले आणि सामान्य माणसांना मात्र देश सोडण्याची बंदी झाली. तरीही लाखो लोक सीमा ओलांडून पळाले. अठरा वर्षांच्या द मुआव्रना काही काळ पॅरिसच्या एका मठात डांबून ठेवले होते, धर्म बदलावा म्हणून. त्यांनी बदलला नाही. तिथून सुटून विशी ओलांडता-ओलांडता ते धाकट्या भावासह लंडनला पोचले. पुढची सहासष्ट-सदुसष्ट वर्षे त्यांनी तिथेच काढली.

आपणही गाव सोडून परप्रांतात रुजलेल्यांची मुले-नातवंडे आहोत. पण आपली तुलना इथे करू नये. आपले पूर्वज कोणा सरदाराच्या चाकरीने किंवा रेल्वे-गिरणीच्या नोकरीने आले, मनात आले की गावी जत्रेला जाऊन येत. द मुआव्रना परतीचा रस्ताच नव्हता.

लंडनमध्ये पोट भरायला त्यांच्याकडे गणिताखेरीज काही नव्हते. बड्या घरांतल्या मुलांना शिकवण्या सुरू केल्या. या घरून त्या घरी पायी जायचे, तासाचे पैसे घ्यायचे. एके दिवशी ते डेव्हनशायरच्या अर्लच्या घरी गेले असता तिथे एक नवा ग्रंथ ठेवलेला दिसला. न्यूटन यांचा 'प्रिन्सिपिया', १६८७ साली नुकताच छापलेला. उघडून पाहिला तर सोपा वाटला, पण वाचू लागल्यावर आपल्याला येते असे जे वाटत होते ते किती थोडे आहे हे ध्यानात आले. त्यांनी प्रत विकत घेतली. पण पाचशे पानांचा जाडजूड ग्रंथ हातात घेऊन दिवसभर वणवण कशी करायची? तेव्हा त्यांनी त्याची पाने फाडली, रोज दोन-चार खिशात घातली आणि एका शिकवणीहून दुसरीकडे जाताना वाटेत ती वाचली, असे सांगतात. पुस्तक फाडलेले पाहून आमच्या ग्रंथपालांचा जीव वरखाली होईल. पण ज्याला बसून वाचायला वेळच नाही, त्याने आणखी काय करावे?

असे फाडून वाचलेले पुस्तक त्यांना असे पचले, की पुढे खुद्द न्यूटन म्हातारपणी शंका घेऊन आलेल्यांना त्यांच्याकडे पाठवू लागले. १६९२ च्या सुमारास धूमकेतूवाल्या हॅली यांच्याशी ओळख झाली. हॅलींनी त्यांचा पहिला निबंध १६९५ साली रॉयल सोसायटीपुढे ठेवला आणि १६९७ साली द मुआव्र त्या सोसायटीचे सभासद निवडले गेले. वय तीस. न्यूटन आणि हॅली ही दोन माणसे पाठीशी, मग आता एखाद्या विद्यापीठात जागा मिळायला हरकत नव्हती, असे आपल्याला वाटेल. मिळाली नाही. परदेशी माणूस म्हणून इंग्लंडात नाही मिळाली. लाइब्निट्स आणि योहान बर्नुली यांच्यामार्फत युरोपात कुठे काही जमते का याचेही प्रयत्न झाले, तेही फळले नाहीत. मानाच्या समितीवर मात्र त्यांना घेतले गेले. कलनशास्त्र आधी कोणी शोधले, न्यूटननी की लाइब्निट्सनी, याचा निवाडा करायला १६१२ नव्हे, १७१२ साली रॉयल सोसायटीने समिती नेमली, तीत शेवटी-शेवटी द मुआव्र यांचे नाव घातले गेले. तिचा अहवाल पडद्याआडून न्यूटननीच तयार केला होता. आमच्या मते या गृहस्थांच्या आयुष्यातली ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. पण ज्याचे पोट ओळखींवर चालते त्याला अशा वेळी नाही म्हणणे किती अवघड जाते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर स्लॉटर्स नावाचे एक कॉफीहाउस होते. तिथे फ्रेंच निर्वासितांची ऊठबस असे. शिकवण्या संपल्या की द मुआव्र तिथे एका कोपऱ्यात बसत. जुगारी लोक येऊन डावाचे हिशोब विचारीत, वार्षिकी विकणारे दलाल आयुर्मानाचे हिशोब विचारीत, आणि उत्तराबद्दल थोडे पैसे देत. संध्याकाळी कधीकधी न्यूटन येऊन त्यांना आपल्या घरी गप्पा मारायला घेऊन जात. ज्यांना विद्यापीठाने खुर्ची दिली नाही, त्यांची खुर्ची म्हणजे त्या कॉफीहाउसातली.

या कोपऱ्यातून जे शास्त्र बाहेर आले ते आधी १७११ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लॅटिन निबंध म्हणून छापले गेले आणि १७१८ साली 'डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस' या इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने. ग्रंथ न्यूटनना अर्पण केला होता. त्यातला एकच हिशोब इथे सांगतो, कारण तो आमच्या खात्याच्या रोजच्या कामातला आहे. एखादी घटना दर खेपेला शंभरात एक वेळ घडण्यासारखी असेल, तर ती किमान एकदा घडण्याची शक्यता निम्मी व्हायला किती खेपा लागतील? बहुतेक माणसे पटकन पन्नास म्हणतात. द मुआव्र यांनी दाखवले, की शंभराला सुमारे ०.७ ने गुणा. उत्तर येते ६९ किंवा ७०. पन्नास खेपांत ती शक्यता चाळीस टक्क्यांच्याही किंचित खाली राहते. आणि पूर्ण शंभर खेपा झाल्या तरी घटना एकदाही न घडण्याची शक्यता जवळजवळ सदतीस टक्के उरते. पूल किंवा मोरी बांधताना आम्ही 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' धरतो. गावकऱ्यांना वाटते की मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे निवांत. तसे नसते. दर वर्षी शंभरात एक हा फासा नव्याने पडतो, मागच्या वर्षी काय पडले ते त्याला आठवत नाही. हाच हिशोब थोडा पुढे नेला की विरळ घटनांच्या मोजणीचे जे वितरण मिळते, त्याला आज प्वासाँ यांचे नाव आहे. प्वासाँ यांचा ग्रंथ १८३७ चा. द मुआव्र तिथवर सव्वाशे वर्षे आधी पोचले होते, पण त्यांनी वेगळा झेंडा रोवला नाही.

आता 'वितरण' म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढची खरी गोष्ट कळणार नाही. आमच्याकडे हाऊजीत १ ते ९० आकडे असतात. पिशवीतून ४७ निघेल किंवा ४८ निघेल, साडेसत्तेचाळीस निघणार नाही. पहिला आकडा काढताना प्रत्येकाचा वाटा सारखा, नव्वदात एक. अशी मोजता येणारी सुटी-सुटी उत्तरे आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेली शक्यता, मिळून होते ते खंडित वितरण. वाटे नेहमी सारखेच असतात असे नाही. दहा नाणी एकदम उडवा. छापा-काट्याच्या एकंदर १०२४ जोड्या होतात. त्यांत दहाही छापे येणारी जोडी एकच. नऊ छापे दहा जोड्यांत, आठ ४५ मध्ये, सात १२० मध्ये, सहा २१० मध्ये आणि बरोबर पाच छापे २५२ जोड्यांत. मग उतार तसाच खाली, २१०, १२०, ४५, १०, १. मधे फुगलेले आणि दोन्ही कडांना बारीक झालेले हे द्विपद वितरण.

याउलट काँक्रीटचा पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून यंत्रात दाबला, तर तो कितीवर फुटेल? २७ वर, २७.३ वर, की २७.३४ वर? जितके बारीक मोजाल तितके नवे आकडे मधे निघतात. इथे उत्तरे सुटी नाहीत, सलग आहेत. बरोबर अमुकच आकड्याला शक्यता विचारली तर ती शून्य म्हणावी लागते, म्हणून प्रश्न नेहमी 'इथपासून इथपर्यंत' असा विचारायचा आणि उत्तर वक्राखालच्या क्षेत्रफळात मोजायचे. हे अखंडित वितरण. मोजण्याचे जग वेगळे आणि मापण्याचे जग वेगळे. या दोहोंमधला पूल द मुआव्र यांनी बांधला.

गरज अशी पडली. स्वित्झर्लंडचे याकोब बर्नुली यांचा ग्रंथ त्यांच्या मरणानंतर १७१३ साली निघाला होता. त्यात त्यांनी सिद्ध केले होते, की प्रयोग पुष्कळ वेळा केला तर घडलेले प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या हवे तितके जवळ आणता येते. पुष्कळ म्हणजे किती? त्यांच्या एका उदाहरणाला उत्तर आले २५,५५० खेपा. आकडा इतका अवाढव्य, की ऐकणाऱ्याने हात टेकावेत. वास्तविक गरज एवढी नव्हती. बर्नुलींच्या पद्धतीला बारकाईने मोजता येत नव्हते एवढेच. दहा नाण्यांचे वाटे आपण वर मांडले. पण ३६०० वेळा नाणे उडवले तर? एकूण जोड्यांची संख्याच १०८४ अंकी होते. त्यातल्या एकेका वाट्याचा हिशोब दौत-टाकाने करायला अनेक जन्म लागतील.

द मुआव्र यांनी वाटे मोजायचे सोडले आणि त्यांचा आकार पाहिला. एका आडव्या रेषेवर प्रत्येक वाट्याची काठी उभी केली, तर काठ्यांची टोके एका वक्रावर येतात. खेपा जितक्या जास्त तितका वक्र गुळगुळीत. तो वक्र कोणता हे काढायला एक स्थिर आकडा हवा होता. त्यांनी लांबलचक श्रेणी बेरजा करून त्याची जवळपासची किंमत काढली. स्कॉटलंडचे गणिती स्टर्लिंग त्यांचे स्नेही होते. त्यांनी दाखवून दिले, की हा आकडा म्हणजे एक त्रिज्येच्या वर्तुळाच्या परिघाचे वर्गमूळ. नाणेफेकीच्या हिशोबात वर्तुळ कुठून आले, याचे आश्चर्य आम्हांला अजून वाटते. द मुआव्र यांनी स्टर्लिंग यांचे श्रेय मोकळेपणाने छापले. आज त्या सूत्राला स्टर्लिंग यांचेच नाव आहे, आणि बहुतेक काम मात्र द मुआव्र यांचे होते.

१२ नोव्हेंबर १७३३. वय सहासष्ट. त्या तारखेचा सात पानांचा लॅटिन मजकूर त्यांनी छापून घेतला आणि काही मित्रांना वाटला. विक्रीला ठेवलाच नाही. त्यात ३६०० फेकींचे उदाहरण होते. छापे बरोबर १८०० येण्याची शक्यता पंचाहत्तरात एक एवढीच. म्हणजे अगदी निम्मे येतील ही अपेक्षा बहुधा फसणारच. पण १७७० ते १८३० च्या दरम्यान येण्याची शक्यता त्यांनी काढली ०.६८२६८८. आजच्या पुस्तकातला अडुसष्ट टक्क्यांचा नियम तो हाच. आणि तिथे ३० हा आकडा ३६०० च्या वर्गमुळाचा निम्मा आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. चूक खेपांच्या प्रमाणात वाढत नाही, खेपांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अचूकपणा दुप्पट हवा असेल तर मेहनत चौपट करावी लागते. बर्नुलींच्या त्या उदाहरणाला या वक्राने साडेसहा हजारांच्या आसपास खेपा पुरतात. निवडणुकीच्या वेळी हजार-दोन हजार लोकांना विचारून राज्याचा अंदाज बांधतात, तो याच वर्गमुळाच्या जोरावर, चुकतो तेव्हा दोष बहुधा माणसे निवडणाऱ्याचा असतो.

आमच्या चाचणी-तक्त्यातही तो वक्र असाच लपून आहे. एम-२५ काँक्रीट म्हणजे सरासरी ताकद २५ नव्हे. शंभरातले पाचांहून अधिक ठोकळे २५ च्या खाली फुटू नयेत, असा तो करार असतो. म्हणून मिश्रण ठरवताना २५ मध्ये प्रमाण विचलनाची १.६५ पट मिळवतात. विचलन ४ धरले तर सरासरी ३१.६ ठेवावी लागते. हे १.६५ कुठून आले, असे आम्ही नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठांना विचारले होते. पुस्तकात दिले आहे, पदविकावाल्यांनी तेवढे पाहावे, असे उत्तर मिळाले. तेव्हा राग आला होता. उत्तर १७३३ च्या वक्रात होते. त्या वक्राच्या डाव्या शेपटीत पाच टक्के क्षेत्रफळ सोडले, की मध्यापासूनचे अंतर १.६५ भरते.

त्या सात पानांचे पुढे काय झाले? द मुआव्र यांनी स्वतःच त्यांचे इंग्रजी करून १७३८ च्या दुसऱ्या आवृत्तीत घातले. पण ग्रंथ जुगाराच्या हिशोबांचा म्हणून ओळखला जाई, त्यामुळे फार कोणाचे लक्ष गेले नाही. १८०९ साली गाउस यांनी ग्रहांच्या वेधांतील चुकांसाठी तोच वक्र मांडला, लाप्लास यांनी १८१२ च्या ग्रंथात त्याला भक्कम पाया दिला, आणि वक्राला गाउस यांचे नाव पडले. अर्थात न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की द मुआव्र यांच्या लेखी वक्र हे द्विपद बेरजा सोप्या करण्याचे साधन होते. निसर्गातली मापेच या वक्राने चालतात, हा विचार पुढच्यांचा. पण दार त्यांनी उघडले होते. कार्ल पिअर्सन यांना ती मूळ सात पाने सापडली आणि १९२४ साली त्यांनी ती जगापुढे आणली, तोवर जवळपास दोनशे वर्षे गेली होती. सगळा यदृच्छेचा पसारा अखेर एका नियमित आकाराकडे झुकतो, हे पाहून द मुआव्र यांना त्यामागे ईश्वराची योजना दिसली होती, आणि ग्रंथात त्यांनी तसे मांडलेही. नंतरच्या संख्याशास्त्रज्ञांना ते पटले नाही. मंडपात बसून हा वाद आम्ही करणार नाही.

पोटापाण्याच्या दृष्टीने त्यांच्या कामी आले ते दुसरे पुस्तक, १७२५ चे, वार्षिकींवरचे. वार्षिकी म्हणजे आज एकरकमी पैसे भरायचे आणि हयात असेपर्यंत दरसाल ठरावीक रक्कम घ्यायची. आपल्या पेन्शनीची चुलत बहीण म्हणा. इंग्लंडचे सरकार युद्धखर्चासाठी त्या विकत असे आणि घेणारा दहा वर्षांचा असो की साठ वर्षांचा, भाव एकच लावीत असे. हॅली यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या मृत्युनोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता केला होता, पण त्यावरून एकेका वयाची किंमत काढणे फार कष्टाचे होते. द मुआव्र यांनी तक्ता निरखला आणि एक सोपा नियम धरला. बाराव्या वर्षानंतर हयात माणसांची संख्या दरवर्षी सारख्याच आकड्याने घटते आणि ८६ व्या वर्षी शून्य होते. म्हणजे पन्नाशीच्या माणसापुढे ३६ वर्षे, त्यातल्या प्रत्येक वर्षी मरणाचा वाटा सारखाच, छत्तिसात एक, आणि सरासरी शिल्लक आयुष्य १८ वर्षे. मरणाचे हे सम वितरण. खरे आयुष्य इतके सरळ नसते, हे त्यांनाही ठाऊक होते. पण त्यामुळे वार्षिकीची किंमत कागदाच्या एका कोपऱ्यात काढता येऊ लागली. विमागणिताचे विद्यार्थी हा नियम आजही त्यांच्याच नावाने शिकतात. त्यांचे एक शिष्य जेम्स डॉडसन. पंचेचाळिशी उलटली म्हणून एका विमा संस्थेने त्यांना घेतले नाही, तेव्हा वयानुसार हप्ता आकारणाऱ्या संस्थेची योजना त्यांनी आखली आणि त्यांच्या पश्चात १७६२ साली 'इक्विटेबल' उभी राहिली. या डॉडसन यांचे पणतू म्हणजे तर्कशास्त्रवाले ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म आपल्या मदुराईचा.

पुस्तक खपते म्हटल्यावर स्पर्धक आलाच. विणकराच्या घरातले, स्वतःच्या हिमतीने शिकलेले टॉमस सिम्प्सन यांनी १७४२ साली वार्षिकींवर पुस्तक काढले. मातीकामाचे घनमाप ज्यांच्या नियमाने आम्ही काढतो, तेच हे सिम्प्सन. द मुआव्र तेव्हा पंचाहत्तरीत. अजून शिकवण्या चालू होत्या आणि पुस्तकाच्या चार पैशांचा आधार होता. ते चिडले आणि आपल्या पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी सिम्प्सनवर तोंडसुख घेतले. सिम्प्सननी सडेतोड उत्तर दिले. पुढे द मुआव्र यांनी ती टीका गाळून टाकली. दोघेही विद्यापीठाबाहेरचे, दोघेही पोटासाठी लिहिणारे. भांडण लागले ते अशा दोघांत, याचे वाईट वाटते.

लग्न त्यांनी केले नाही. फ्रेंच नाटककार मोलिएर यांची नाटके त्यांना मुखोद्गत होती, आणि न्यूटन होण्यापेक्षा मोलिएर होणे आपल्याला अधिक आवडले असते, असे ते एका पाहुण्याजवळ बोलून गेल्याची नोंद आहे. सक्तीने सुटलेला देश माणूस असा भाषेत जपून ठेवतो.

मानसन्मान आले ते उशिरा. १७३५ साली बर्लिनच्या अकादमीने सभासद केले. ज्या पॅरिसने त्यांना मठात कोंडले होते, तिथल्या विज्ञान अकादमीने २७ जून १७५४ रोजी त्यांना परदेशी सभासद म्हणून निवडले. आपल्याच देशात परदेशी म्हणून. ते तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेली होती. ही बातमी ऐकून त्यांना अतिशय आनंद झाला, असे त्यांचे स्नेही आणि चरित्रकार मॅथ्यू माती यांनी नोंदवले आहे.

शेवटी झोप वाढत गेली. दिवसाचे वीस-वीस तास ते झोपून असत. याचीही पुढे एक कथा झाली. रोज पाव तास झोप वाढते हे त्यांनी ध्यानात घेतले, चोवीस तास कधी भरतील याचा हिशोब केला आणि बरोबर त्याच दिवशी ते गेले. गणित्याच्या मरणाची अशी गोष्ट लोकांना आवडायचीच. आम्हांला त्यापेक्षा साधी वजाबाकी अधिक आवडते. २७ नोव्हेंबर १७५४ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय होते सत्त्याऐंशी वर्षे सहा महिने. स्वतःच्या तक्त्यात माणसाला त्यांनी शहाऐंशीच दिली होती.